प्रभूच्या मेजाकडे जाताना: आत्मपरीक्षेपासून उपकारस्तुतीपर्यंत

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाला अनुसरून भाकर व द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी मंडळीत दोन प्रकारची माणसे हमखास असतात. काहींच्या ते इतके अंगवळणी पडलेले असते की भाकर घेऊन जागेवर परत येईपर्यंत मन भलतीकडेच फिरत असते. काही जण उलट इतके धास्तावलेले असतात की ‘आपली लायकी नाही’ म्हणत महिनोन्‌महिने बाकावरून उठतच नाहीत. पहिल्यांना तयारीची गरज वाटत नाही, दुसऱ्यांची तयारी कधी पुरी होत नाही. हा लेख दोघांसाठी आहे. नुकतेच दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) झालेल्यांनीही तो वाचावा, कारण विधी कसा होतो हे त्यांना शिकवले जाते, पण त्या वेळी मनाने काय करायचे हे बहुतेकदा कोणी सांगत नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. लायकी मिळवायची म्हणून तयारीला बसलात तर ती तयारी जन्मभर संपणार नाही. आपण कोणाच्या मेजाकडे चाललो आहोत आणि तिथे आपल्या शेजारी कोण आहे, या दोन गोष्टी डोळे उघडून पाहायच्या आहेत. पुढची प्रत्येक पायरी यांपैकी एकीकडे नेते.

आधी करिंथमध्ये काय घडले ते वाचा

जो अयोग्य प्रकारे भाकर खातो तो प्रभूच्या शरीरासंबंधी व रक्तासंबंधी दोषी ठरतो, हे वचन (१ करिंथ ११:२७) अनेक मंडळ्यांत प्रभुभोजनाआधी वाचतात, आणि भित्र्या माणसाला तेवढेच ऐकू येते. ते वचन एकटे वाचू नका. त्याच अध्यायात सतराव्या वचनापासून शेवटपर्यंत सलग वाचा. पाच मिनिटेही लागत नाहीत.

प्रेषित पौलाने करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला हे पत्र इ. स. ५५ च्या सुमारास लिहिले. शुभवर्तमाने त्यानंतर लिहिली गेली, त्यामुळे शेवटच्या भोजनाचा आपल्या हाती असलेला सर्वांत जुना लेखी वृत्तान्त याच अध्यायात आहे. आणि तो लिहायला निमित्त झाले मंडळीतल्या एका लाजिरवाण्या प्रकाराचे. तेव्हा प्रभुभोजन हा पोटभर जेवणाचाच एक भाग होता. मंडळी कोणा सुस्थितीतल्या विश्वासणाऱ्याच्या घरी जमत असे. रोमन पद्धतीच्या घरात जेवणाच्या दालनात तीन बाजूंना बैठका असत आणि साधारण नऊ माणसे त्यांवर टेकून जेवत. बाकीच्यांची सोय बाहेरच्या चौकात होत असावी. ज्यांच्या हाताशी वेळ होता ते आपले जेवण आधीच उरकून घेत. जे गरीब होते, कदाचित दिवसभराचे काम संपवून येत होते, त्यांच्या वाट्याला काही उरत नसे. एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो, असे पौलाने स्पष्टच लिहिले आहे. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे तो विचारतो.

पापाच्या जाणिवेने ज्यांचे मन कापते आहे त्यांच्यावर पौलाचा हा राग नाही. शेजारचा भाऊ उपाशी बसला आहे हे न पाहता जे निवांत खात राहिले त्यांना तो झापतो आहे. आणि त्यावरचा त्याचा उपायही बघा: प्रत्येकाने आत्मपरीक्षा करावी व मग भाकर खावी. आत्मपरीक्षा करून घरी बसावे, असे तो कुठेच म्हणत नाही. अध्यायाच्या शेवटी तो सांगतो की जेवायला एकत्र येता तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

एवढे वाचूनही भीती गेली नाही, तर लूकचा बाविसावा अध्याय काढा आणि त्या पहिल्या मेजाभोवती कोण कोण होते ते पाहा. धरून देणाऱ्याचा हात त्याच मेजावर होता. भाकर आणि प्याला फिरल्यावर शिष्यांत वाद लागला तो आपल्यात मोठा कोण याचा. कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारणारा पेत्र तिथेच बसला होता. येशूला हे सगळे ठाऊक होते. तरीही, दुःख सोसण्याआधी हे वल्हांडणाचे (मिसरातून झालेल्या सुटकेच्या यहुदी सणाचे) भोजन तुमच्याबरोबर करावे अशी माझी फार इच्छा होती, हे शब्द त्याने याच माणसांसमोर उच्चारले.

आपल्या मंडळीची शिकवण आणि नियम विचारून घ्या

हे काम आधीच करून ठेवा, आयत्या वेळी दारात विचारण्यासारखे ते नाही. कॅथलिक चर्चमध्ये काही मोजके अपवाद सोडले तर ख्रिस्तप्रसाद (प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षारस) कॅथलिकांनाच दिला जातो, आणि गंभीर पाप केल्याची जाणीव असेल तर आधी धर्मगुरूंसमोर पापनिवेदन करावे लागते. मुलांना साधारण सातव्या वर्षी, समज आल्यावर तो घेता यावा, असा निर्णय पोप दहावे पायस यांनी १९१० साली दिला. ऑर्थोडॉक्स चर्च बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही सहभागी करून घेते, बाहेरच्या मंडळीतल्या प्रौढाला मात्र सहसा नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कुठे बाप्तिस्मा पुरतो, तर कुठे दृढीकरण किंवा सभासदत्व लागते.

भाकर आणि द्राक्षारस यांत प्रभू कशा प्रकारे उपस्थित असतो, यावरही एकमत नाही. १५२९ साली मार्बुर्ग येथे मार्टिन लूथर आणि उल्रिक झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर बसले आणि नेमक्या याच मुद्द्यावर वेगळे झाले. भाकर व द्राक्षारस यांचे मूळ तत्त्वच पालटते ही कॅथलिक शिकवण आहे; लूथरच्या मते प्रभूचे शरीर त्या भाकरीसोबत खरोखर असते; आणखी एक धर्मसुधारक कॅल्व्हिन याची परंपरा म्हणते की पवित्र आत्मा आपल्याला ख्रिस्ताशी जोडतो; आणि बऱ्याच मंडळ्यांच्या लेखी ते प्रामुख्याने स्मरण आहे. तुमची मंडळी यांपैकी काय मानते हे पाळकांना किंवा धर्मगुरूंना विचारा आणि उत्तर नीट समजेपर्यंत पुन्हा विचारा. ज्या विश्वासाने समोरचा माणूस ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणतो, तो माहीत नसताना दिलेले ‘आमेन’ अर्धवट राहते.

दुसऱ्या मंडळीत पाहुणे म्हणून गेला असाल आणि नियमाने तुम्हाला घेता येत नसेल, तर जागेवर बसून प्रार्थना करा. अनेक कॅथलिक आणि अँग्लिकन चर्चमध्ये छातीवर हात आडवे ठेवून पुढे गेल्यास आशीर्वाद देतात. ख्रिस्ताचे लोक एका मेजावर बसू शकत नाहीत याचे दुःख वाटले तर ते दाबू नका, त्याचीच प्रार्थना करा.

तीन-चार दिवस आधी: समेट

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ थांबणार आहे, कारण आपण बहुतेक जण ती गाळूनच पुढे जातो. वेदीशी आपले दान आणले असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असे येशूने सांगितले (मत्तय ५:२३-२४). पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिलेल्या ‘दिदाखे’ या मंडळीच्या जुन्या नियमग्रंथातही हेच येते: प्रभूच्या दिवशी भाकर मोडण्याआधी पापे कबूल करा, आणि ज्याचे सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत तुमच्यात येऊ नये.

येशूचे शब्द सावकाश वाचले तर एक गोष्ट टोचते. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे तो तिथे म्हणत नाही; भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे म्हणतो. म्हणून ‘माझ्या मनात कोणाबद्दल काही नाही’ एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. कोण माझ्यामुळे दुखावले आहे, हे आठवायचे आहे.

कागद घ्या आणि त्यावर एकच नाव लिहा. दहा नावे लिहिलीत तर एकाकडेही जाणे होणार नाही. मग त्या माणसाचे आपण नेमके काय केले ते एका वाक्यात लिहून काढा. ‘आमचे पटत नाही’ हे चालणार नाही. ‘आईच्या आजारपणात सगळे तिच्यावर टाकून मी मोकळा झालो आणि वर तिच्याच चुका काढल्या’ असे हवे. उसने घेतलेले पैसे राहिले असतील तर रक्कम लिहा. वाक्य नेमके झाले की माफी मागणे अर्धे झाले म्हणून समजा.

त्यानंतर फोन करा किंवा भेटा. संदेश लिहूनच पाठवायचा असेल तर तो छोटा ठेवा आणि त्यात ‘पण’ येऊ देऊ नका. ‘मी चुकलो, पण तूही...’ असे म्हटले की समोरच्याला फक्त दुसरा भाग ऐकू जातो. ‘ताई, त्या वेळी सगळा भार मी तुझ्यावर टाकला आणि वर तुलाच बोललो. माझे चुकले. तुला जमेल तेव्हा भेटायला येतो,’ एवढे पुरे. आणि उत्तराची घाई करू नका.

समोरच्याने फोन उचललाच नाही तर? शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्व माणसांशी शांतीने राहा, असे पौल रोमकरांना लिहितो. तुमच्याकडचा भाग तुम्ही मनापासून केला असेल तर मेजाकडे जा आणि त्या माणसाचे नाव प्रार्थनेत सोबत न्या. तो माणूस हयात नसेल तर देवासमोर नाव घेऊन कबुली द्या, आणि त्याच्या घरच्यांपैकी कोणाचे देणे लागत असाल तर ते फेडा.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. ज्याने तुमचा छळ केला, मारहाण केली, त्याच्याकडे समेटाच्या नावाखाली एकट्याने जाण्याची सक्ती तुमच्यावर नाही. मनातला सूड देवाच्या हाती सोपवणे ही एक गोष्ट, आणि त्या माणसाला पुन्हा घरात घेणे ही दुसरी. पहिलीला वेळ लागला तरी चालेल. दुसरीसाठी तुमच्यावर दबाव आणणारा माणूस, मग तो कोणीही असो, या वचनाचा गैरवापर करतो आहे.

मी आमच्या मंडळीत भाकर वाटण्याच्या सेवेत असतो. एका रविवारी रांगेत माझ्यापासून तिसऱ्या क्रमांकावर उभी असलेली एक बाई अचानक रांग सोडून मागे वळली. चार बाक मागे बसलेल्या दुसऱ्या बाईजवळ जाऊन तिने तिच्या खांद्यावर हात ठेवला. काय बोलणे झाले ते ऐकू आले नाही, मिनिटभरही गेले नसेल. मग दोघी मिळून रांगेच्या अगदी शेवटी येऊन उभ्या राहिल्या. रांग थोडी रेंगाळली आणि गाण्याचे एक कडवे जास्त म्हणावे लागले. एकमेकांची वाट पाहा या पौलाच्या शब्दांचा अर्थ मला तेव्हा कळला.

आदल्या संध्याकाळी: आत्मपरीक्षा

वीस-पंचवीस मिनिटे काढा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सुरुवात स्वतःच्या मनात डोकावण्याने करू नका, १३९ व्या स्तोत्राच्या शेवटच्या दोन वचनांनी करा: देवा, तूच माझी झडती घे. झडती घेणारा तो आहे हे एकदा मान्य केले की आपण ना स्वतःचे वकील होतो, ना स्वतःचे फाशीदार.

या मेजाकडे कोणी यावे, या प्रश्नाला १५६३ सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून विश्वास शिकवणाऱ्या प्रॉटेस्टंट पुस्तकाने, दिलेले उत्तर मला फार उपयोगी वाटते. आपल्या पापांबद्दल ज्यांना स्वतःचाच वीट आला आहे, तरीही ख्रिस्ताच्या मरणामुळे त्यांची क्षमा झाली यावर ज्यांचा भरवसा आहे, आणि आपला विश्वास वाढावा, जगणे सुधारावे अशी ज्यांना इच्छा आहे, त्यांनी यावे. या तीन गोष्टींना वेळही सारखा द्या. आपण सगळा वेळ पहिलीवर घालवतो, म्हणून उठताना मन आणखी जड होते.

पहिल्या भागात दहा आज्ञा किंवा मत्तयचा पाचवा अध्याय समोर ठेवून हे प्रश्न विचारता येतील. या आठवड्यात मी कोणाबद्दल काय बोललो, जे तो समोर असता तर बोललो नसतो? कोणाच्या श्रमाचे पैसे अडकवून ठेवले? घरात कोण मला घाबरते? कोणती गोष्ट मी लपवतो आहे, आणि ती कोणाला कळू नये असे वाटते? कोणाची गरज दिसूनही मी नजर वळवली? उत्तर सुचेल ते साध्या शब्दांत देवाला सांगा. ‘माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ ही प्रार्थना खरी आहे, पण ‘मी काल मुलाशी खोटे बोललो’ ही जास्त खरी आहे.

मग दुसरा भाग. योहानाच्या पहिल्या पत्रातले पहिल्या अध्यायाचे नववे वचन मोठ्याने वाचा: आपण पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, तो क्षमा करील. नंतर यशयाचा त्रेपन्नावा अध्याय किंवा १०३ वे स्तोत्र. वाचून झाल्यावर मोठ्याने म्हणा, ‘प्रभू, मला क्षमा मिळाली आहे. मी तुझे आभार मानतो.’ भावना जागी झाली नाही तरी म्हणा.

तिसऱ्या भागात एकच पाऊल ठरवा, दोन दिवसांत उचलता येईल असे. ‘मी चांगला माणूस होईन’ हे पाऊल होत नाही. ‘सोमवारी त्याचे पैसे परत करीन’ हे होते.

काही जणांना आत्मपरीक्षेत थांबताच येत नाही. कबूल केलेलेच पाप रात्रभर पुन्हा पुन्हा उकरले जाते, काहीतरी राहून गेले असे वाटत राहते. तुमचे तसे होत असेल तर घड्याळ लावा, वेळ संपली की ‘आमेन’ म्हणून उठा आणि तीच यादी पुन्हा उघडू नका. पाळकांशी बोला. हा त्रास जुना आहे आणि मंडळीला तो माहीत आहे. १६४७ साली पूर्ण झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरीत स्वतःच्या तारणाबद्दल शंका असलेल्यांसाठी एक अख्खा प्रश्न राखून ठेवला आहे. त्याचे उत्तर असे की, ज्याला आपल्यातल्या उणिवेची खंत आहे आणि ख्रिस्त हवासा वाटतो, त्याने शंकेसकट यावे. दुबळ्यांना आधार मिळावा म्हणूनच हे भोजन दिलेले आहे.

त्या दिवशी सकाळी

कॅथलिकांसाठी ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी किमान एक तास उपास आहे. पाणी आणि औषध चालते, आणि वृद्ध, आजारी व त्यांची देखभाल करणारे यांना सूट आहे. ऑर्थोडॉक्स परंपरेत मध्यरात्रीपासून काही खात नाहीत. प्रॉटेस्टंटांना असा सरसकट नियम नाही. लूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत उपासाला चांगले बाह्य वळण म्हटले आणि पुढे लिहिले की ‘तुमच्यासाठी दिलेले’ या शब्दांवर ज्याचा विश्वास आहे तोच खरा तयार. मधुमेह असेल किंवा औषध खाऊनच घ्यायचे असेल, तर निःशंकपणे खाऊन जा.

गहू चालत नसेल तर आठवडाभर आधी कळवा. कॅथलिक चर्चमध्ये भाकर गव्हाचीच लागते, पण अगदी कमी ग्लुटेनची मिळते. तीही सोसत नसेल तर फक्त प्याला घेता येतो. मात्र भाकरीचा कण न टाकलेला वेगळा प्याला ठेवायला सांगा. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या ग्लुटेन नसलेली भाकर देतात. दारूच्या व्यसनातून बाहेर आलेल्यांनी नुसती भाकर घेतली तरी त्यात काही उणे राहत नाही. टॉमस वेल्च या अमेरिकन मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ साली न आंबणारा द्राक्षरस तयार केला तो प्रभुभोजनासाठीच, आणि आज कितीतरी मंडळ्यांत तोच वापरतात.

दहा मिनिटे आधी पोहोचा. ११६ वे स्तोत्र वाचा. वल्हांडणाला गायल्या जाणाऱ्या स्तोत्रांपैकी ते एक आहे आणि त्यात तारणाचा प्याला हाती घेण्याची ओळ आहे.

उपासना चालू असताना

प्रभुभोजन भाकर वाटायला सुरुवात झाल्यावर सुरू होत नाही. वचन, पापांगीकार, शांतीची भेट, उपकारस्तुतीची प्रार्थना, भाकर मोडणे हे सगळे त्यातच येते. पापांगीकाराच्या वेळी काल संध्याकाळची ती नेमकी गोष्ट मनात आणा. शांतीची भेट देताना समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहा; इथे ओळखीच्या चार जणांशीच हात मिळवून थांबलात तर करिंथची बैठक पुन्हा मांडली जाते. जो एकटा उभा आहे त्याच्याकडे आधी जा.

उपकारस्तुतीची प्रार्थना पाठ झालेली असते, म्हणूनच तिथे मन निसटते. तिच्यातली क्रियापदे धरून ठेवा: त्याने भाकर घेतली, उपकार मानले, मोडली, दिली. मोडण्याच्या क्षणी डोळे उघडे ठेवा. पुष्कळ लोक तेव्हा भक्तिभावाने डोळे मिटतात आणि जे दाखवले जाते आहे तेच पाहायचे राहते. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावी दोन शिष्यांनी येशूला ओळखले ते भाकर मोडताना.

आपण लायक नाही ही भावना इथे पुन्हा उफाळून आली तर उपासनाक्रमाकडे लक्ष द्या. ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या क्षणभर आधी कॅथलिक मंडळी शुभवर्तमानातल्या शताधिपतीचे (रोमन सेनाधिकाऱ्याचे) शब्द म्हणते: प्रभू, तू माझ्या छपराखाली यावेस अशी माझी योग्यता नाही. अँग्लिकन उपासनेत १५४८ पासून चालत आलेली एक प्रार्थना म्हणते की तुझ्या मेजाखालचे तुकडे वेचण्याचीही आमची लायकी नाही. हे म्हणून झाल्यावर लोक मागे फिरत नाहीत, पुढे येतात. शतकानुशतके सारी मंडळी हेच बोलून मेजाकडे गेली आहे.

भाकर हातात घेताना

माझ्यासमोर येणारे हात मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. कोणाच्या तळहाताला चिरा असतात, कोणाच्या मनगटावर रुग्णालयाची पट्टी तशीच असते. काही जण दोन बोटांची चिमूट पुढे करतात, जणू लवकर उरकायचे आहे. चौथ्या शतकात यरुशलेमचे बिशप सिरिल नव्या विश्वासणाऱ्यांना सांगत: डावा हात उजव्याखाली सिंहासनासारखा धरा, कारण त्यावर राजा येणार आहे, तळहात खोलगट करा, ‘आमेन’ म्हणा, आणि सोन्याचा कण जसा सांडू देणार नाही तसा याचा कण सांडू देऊ नका. आजही यापेक्षा चांगली सूचना मला माहीत नाही. हात मोकळे ठेवा. पिशवी, फोन, चष्म्याचे घर जागेवरच सोडून या. जिभेवर घेण्याची पद्धत असेल तर मान किंचित वर करून क्षणभर स्थिर राहा.

‘ख्रिस्ताचे शरीर’ हे ऐकल्यावर ‘आमेन’ ऐकू येईल असे म्हणा. प्राचीन काळचा बिशप ऑगस्टीन आपल्या मंडळीला शिकवत असे की ख्रिस्ताचे शरीर तुम्हीच आहात, तेव्हा तुमचे आमेन खरे ठरेल असे त्याचे अवयव व्हा. म्हणजे त्या एका शब्दात तुम्ही प्रभूला हो म्हणता आणि रांगेत पुढेमागे असलेल्या प्रत्येकालाही.

कॅथलिक मंडळीत भाकर तिथेच मुखात घ्या, हातात धरून परत चालू नका. प्याला एकच असेल तर तो तळाशी नीट धरून लहान घोट घ्या. बाकावर बसल्या जागी छोटे प्याले वाटले जात असतील आणि सर्वांनी एकदम घ्यायचे असेल, तर शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत थांबा, आणि त्या वेळात बाकांवरून नजर फिरवत एकेका माणसासाठी प्रार्थना करा.

मनात काय आणायचे? सगळे काही आणू पाहू नका. एक वाक्यांश धरा. ‘तुझ्यासाठी दिले’ एवढे पुरेसे आहे. शब्द हवेच असतील तर ही प्रार्थना घ्या: ‘प्रभू, मी रिकाम्या हातांनी आलो आहे. तू स्वतःला दिलेस. मला तुझ्यात ठेव, आणि ज्यांना तू माझ्या शेजारी बसवलेस त्यांच्यापासून मला तोडू नकोस.’

लहान मूल बरोबर असेल आणि मध्येच ‘हे काय?’ असे विचारत असेल तर कानात एका वाक्यात उत्तर द्या. वल्हांडणाच्या रात्री मुलांनी अर्थ विचारावा आणि आईबापांनी सांगावा, हे निर्गमाच्या बाराव्या अध्यायातच ठरवून दिले आहे.

काही जाणवलेच नाही तर

बहुतेक वेळा काही विशेष जाणवत नाही. त्यावरून प्रभुभोजन व्यर्थ गेले असे ठरवू नका. भाकर पोसते ती भूक लागल्याची जाणीव किती तीव्र होती यावर अवलंबून नसते, आणि प्रभूने दिलेले वचन आपल्या भावनेवर टांगलेले नाही. खरी काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची. १९०५ साली दहाव्या पायसांच्या काळात वारंवार ख्रिस्तप्रसाद घ्यायला उत्तेजन देणारा जो आदेश निघाला, त्यात हेतू तपासायला सांगितले आहे: सवयीने, मिरवण्यासाठी किंवा लोक काय म्हणतील म्हणून येऊ नये, देवाला आवडावे, त्याच्याशी प्रेमाने अधिक जोडले जावे आणि आपल्या दुबळेपणावर औषध मिळावे म्हणून यावे. आपण यांपैकी कशासाठी उठलो, एवढे महिन्यातून एकदा स्वतःला विचारा.

अनेक वर्षांच्या खंडानंतर परतत असाल तर आधी पाळकांना किंवा धर्मगुरूंना एकांतात भेटा. कॅथलिक असाल तर पापनिवेदनाने सुरुवात करा आणि ‘मला कसे करायचे ते आठवत नाही’ असे सरळ सांगा, ते मदत करतात.

नंतर

जागेवर आल्यावर दोन-तीन मिनिटे शांत बसा. घोषणा आणि गप्पा थोड्या थांबू शकतात. नावे घेऊन आभार माना. मग काल ठरवलेले पाऊल पुन्हा आठवा आणि ते केव्हा उचलणार ते ठरवा.

आणि आज कोण आले नव्हते ते पाहा. सुमारे १५५ साली रोममधल्या उपासनेचे वर्णन करताना ख्रिस्ती लेखक जस्टिन यांनी लिहिले आहे की जे हजर नसत त्यांच्याकडे सेवक तीच भाकर घेऊन जात, आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले यांची काळजी घेतली जाई. तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या किंवा घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसाचे नाव त्याच दिवशी पाळकांच्या कानावर घाला आणि त्यांच्यासोबत जायची तयारी दाखवा. जाण्याआधी घरच्यांना फोन करून रुग्ण जागा असतो ती वेळ विचारा. खोलीतला टीव्ही बंद करायला सांगा, लहान मेजावर स्वच्छ कापड पसरा, आणि तुमच्या मंडळीत चालत असेल तर घरातल्या इतरांनाही सहभागी व्हायला बोलवा, म्हणजे रुग्णाला एकट्याने घ्यावे लागणार नाही. गिळायला त्रास असेल तर भाकरीचा अगदी लहान कण पुरतो. जवळ पाण्याचा पेला ठेवा. स्मृती गेलेल्या माणसासमोर लांब प्रार्थना करू नका. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा आणि प्रत्येक ओळीनंतर थोडे थांबा. नाव विसरलेली माणसेही पुष्कळदा ती प्रार्थना सोबत म्हणू लागतात. निघण्यापूर्वी पुढच्या भेटीचा दिवस ठरवून तो घरच्यांना लिहून द्या.